स्विफ्ट डीडीआयएस २०१०: सकाळी स्टार्टला तीन सेकंद खडखड, चेन की अजून काही?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, कराडहून लिहितोय. आमच्या अण्णांची स्विफ्ट व्हीडीआय आहे, २०१० ची, शोरूममधनं नवी घेतलेली, आजपर्यंत त्यांच्याशिवाय कुणी फारशी चालवलेली नाही, मीटरवर आत्ता १,७८,००० झालेत. अण्णांना रात्रीचं नीट दिसत नाही म्हणून दिवाळीत त्यांनी चावी माझ्या हातात दिली, तेव्हापासून गाडी मी बघतोय.

तर प्रॉब्लेम असा की सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद ड्रायव्हरच्या बाजूने बॉनेटखालून खडखड आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा, आणि मग एकदम बंद होतो. दिवसभरात परत स्टार्ट केली तर येत नाही. दुसरं म्हणजे पिकअप गेलाय. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना तिसऱ्यात टाकून दाबली तरी २,००० च्या खाली गाडीत जीवच नाही, आणि मागे काळा धूर, मागच्या गाडीवाल्याने काच वर घेतलेली आरशात दिसली मला.

सर्व्हिसचं म्हणाल तर १,१०,००० पर्यंत सगळं वेळेवर आहे. त्यानंतर घराजवळच्या गॅरेजला सुरू केलं, तिथल्या पावत्या काढून बघितल्या तर ऑइल दोन वेळा १७-१८ हजारांनी बदललंय, आणि एका पावतीवर ऑइलचा ग्रेड १५डब्ल्यू४० लिहिलाय. एकदा चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उघडून गळती काढल्याचीही पावती आहे.

एका मिस्त्रीने नुसता आवाज ऐकून सांगितलं की अर्धं इंजिन करावं लागेल, ७०-८० हजार धरा. दुसरा म्हणतो पंधरा वर्षं झालीच आहेत तर विकून मोकळे व्हा, चेन तुटली की भंगाराच्या भावात जाईल. अण्णांना मी यातलं काहीच बोललो नाहीये अजून, त्यांचा जीव आहे गाडीत.

गाडीचं पुस्तक हरवलंय. कुणी या इंजिनाची पक्की माहिती देईल का, ऑइल कुठलं, किती लागतं, नेमकं काय काय खराब होतं यात, आणि मी सुरुवात कुठून करू?


घोडनदीकर

दादा, हे इंजिन म्हणजे माझ्या घरचं माणूस आहे, रांजणगावला याच्याच असेंब्लीवर सहा वर्षं काढलीत मी. मेकॅनिकचं मेकॅनिक लोक सांगतील, मी इंजिन काय आहे ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

मूळ हे फियाटचं १.३ मल्टिजेट. कॉमन रेल डिझेल, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारं इंजिन, कारमध्ये पहिल्यांदा आणलं फियाटवाल्यांनीच, १९९७ ला, अल्फा रोमिओ १५६ मध्ये, १.९ लिटरचं. त्याची पुढची पिढी मल्टिजेट, आणि हे धाकटं १.३ तयार व्हायला लागलं २००३ मध्ये पोलंडला, बिएल्स्को-बियाला या गावात. २००५ ला याला १ ते १.४ लिटरच्या गटात इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर मिळालं होतं. आपल्याकडे मारुतीने लायसन्स घेऊन मानेसरला बनवलं आणि जानेवारी २००७ ला स्विफ्टमध्ये डीडीआयएस नावाने आलं. रांजणगावला आम्ही बनवायचो ते पुंटो, लिनिआत जायचं आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टा, मांझाला क्वाड्राजेट नावाने. म्हणजे नावं तीन, इंजिन एकच. पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, एवढ्या गाड्यांत बसलं की मासिकवाले याला नॅशनल इंजिन म्हणायला लागले. बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले २०२० ला आणि आपल्याकडे विषय संपला. शेवटच्या दिवसांत मी लाइनवर नव्हतो पण बातमी वाचली तेव्हा जेवण गेलं नव्हतं.

आता आकडे. १,२४८ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी, सोळा व्हॉल्व्ह, ते उघडणारे दोन कॅम. ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणून हे कधी गरम होऊ द्यायचं नाही, ब्लॉक सहन करतो, हेड वाकतं. तुमच्या गाडीत ७५ पीएस ४,००० आरपीएमला आणि १९० एनएम २,००० ला. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, साधा, फिक्स्ड जॉमेट्रीचा. अर्टिगा, मांझातला ९० पीएसवाला तो व्हीजीटी, म्हणजे हलत्या पात्यांचा, त्याचा टर्बो वेगळा, त्याचे पार्ट तुमच्यात चालत नाहीत. टॉर्क पूर्ण मिळतो तो दोन हजारालाच, त्यामुळे त्याच्या खाली थोडा लॅग हा नव्या गाडीतही होता, तो रोग नव्हे, पण तुम्ही म्हणताय जीवच नाही आणि काळा धूर, तर काहीतरी नक्की आहे.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचं अंतर सांभाळणारे पार्ट, हायड्रॉलिक आहेत, ऑइलच्या दाबावर स्वतःच जुळतात. टॅपेट सेटिंग करतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका, या इंजिनात ते सेटिंग नसतंच.

आणि मुख्य गोष्ट, टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनच्या चालीप्रमाणे उघड-बंद करायला, बेल्ट नाही, चेन आहे. चेन म्हटलं की लोकांना वाटतं जन्मभराची झाली. ती तशी होते, पण ऑइल वेळेवर असेल तरच, कारण चेन ताणून धरणारा जो टेन्शनर आहे तो ऑइलच्या प्रेशरवरच चालतो. आणि या इंजिनात ऑइल आहेच केवढं, फिल्टरसकट साधारण तीन लिटर. तेवढ्यातच टर्बो, चेन, हायड्रॉलिक टॅपेट सगळ्यांनी भागवायचं. डिझेलची काजळी त्या तीन लिटरात साठत जाते, १८ हजारापर्यंत ते ऑइल राहत नाही हो, डांबर होतं.

माझ्या मते तुमच्या गाडीचं वय झालेलं नाही. तिला १,१०,००० नंतर ऑइल मिळालं नाही एवढंच झालंय. विकायची घाई करू नका.


दहाचा_पाना

मिरजेला गॅरेज आहे माझं, डिझेलच जास्त करतो. वरच्या भाऊंनी जे लिहिलंय त्यातला शब्दन्‌शब्द बरोबर. आता हाताने काय करायचं ते मी सांगतो, आणि आधी एक सांगतो की इंजिन उघडा म्हणणाऱ्याला अजिबात उघडू देऊ नका. निळा धूर नाही, ऑइल कमी होत नसेल, कॉम्प्रेशन कुणी मोजलेलं नाही, आणि नुसत्या आवाजावर अर्धं इंजिन? बोअर-पिस्टनचा आवाज तीन सेकंदांत बंद होत नसतो.

तुमचा आवाज चेनचाच आहे, ९९ टक्के. रात्रभर गाडी उभी राहिली की टेन्शनरमधलं ऑइल खाली उतरतं, सकाळी सेल्फ मारला की प्रेशर येईपर्यंत चेन सैल असते आणि कव्हरला, गाइडला म्हणजे चेनच्या आधारपट्टीला आपटते. अर्धा-एक सेकंद आला तर मी फार मनावर घेत नाही. दोन-तीन सेकंद म्हणजे एकतर ऑइल चढायला वेळ लागतोय किंवा चेन लांबलीय. आणि गरम गाडीला आयडलिंगवर सुद्धा यायला लागला तर मग गाडी चालवत आणू नका, टो करून आणा.

चेन लांबली की एखादा दात सरकतो. सरकली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात. या इंजिनात बऱ्याचदा आधी रॉकर, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधले छोटे हात, मोडतात आणि व्हॉल्व्ह वाचतात, मी अशा दोन गाड्या नुसते रॉकर आणि चेन टाकून परत रस्त्यावर आणल्यात, पण त्या भरवशावर राहू नका, तिसऱ्या गाडीचं हेड गेलं होतं.

सुरुवात अशी करा. आधी स्कॅनर लावून घ्या. कॅम आणि क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, टायमिंग जुळत नाही असा कोड, म्हणजे पी ००१६, आला तर बाकी काही न बघता चेन. कोड नसेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, ५डब्ल्यू३० किंवा ५डब्ल्यू४०, फुल सिंथेटिक, डिझेलचं. १५डब्ल्यू४० ट्रॅक्टरला चांगलं, याला सकाळच्या थंडीत वर चढायलाच वेळ लागतो. आणि ऑइल डिपस्टिकवर बघून भरायचं, चार लिटरचा डबा आणला म्हणून चार लिटर ओतायचं नाही, जास्त झालं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाने टेन्शनर भरत नाही. या गाडीत फिल्टर कागदी कार्ट्रिज आहे, प्लॅस्टिकची टोपी उघडून आत बसतो, टोपीची ओ-रिंग नवीन टाकायला लावा, जुनीच ठेवतात आणि मग गळती लागते म्हणून परत येतात.

५०० किलोमीटर चालवा आणि परत ऐका. मी असा ऐकतो, तुम्हीपण ऐका. सकाळी बॉनेट उघडून एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक टायमिंग कव्हरला टेकवायचं, बेल्ट-पुली बाजूने हात आणि बाही लांब ठेवून. चेनचा आवाज टोकातून सरळ कानात येतो, नोझलचा, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचा, आवाज वरून येतो आणि तो थांबत नाही, चालूच राहतो.

चेंबर उघडल्याची पावती आहे म्हणालात ते मला जास्त डाचतंय. चेंबरला गॅस्केट नसतं, सिलिकॉन लावून बसवतात. हात सैल सोडून लावलं की जास्तीचं आत येतं, वाळतं, सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीला जाऊन चिकटतं. जाळी अर्धी बंद झाली की ऑइल कितीही चांगलं टाका, वर उशिराच पोचणार.

अण्णा अ‍ॅव्हरेज वगैरे लिहून ठेवायचे का कुठे? जुनी माणसं ठेवतात. असेल तर बघा अ‍ॅव्हरेज कधीपासून पडलंय, त्यावरून धुराचं कारण सापडेल.


मुळाकाठ

माझी २०१२ ची डिझायर आहे, नगर-पुणे आठवड्यातून दोनदा, २,४०,००० झालेत, इंजिन अजून उघडलेलं नाही. चेनचं मला माहीत नाही पण पिकअप आणि काळ्या धुराचं मी भोगलंय म्हणून लिहिते.

माझी गाडी अशीच अचानक ओढेनाशी झाली होती. एका गॅरेजने ईजीआर, म्हणजे जळालेला धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, साफ केला, काही नाही. मग एअर फ्लो सेन्सर बदलला, नवीन, तरी तेच. मग म्हणाले टर्बो गेला, नवा टाका. आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. आमच्या शेजारचे काका ट्रकवर होते, त्यांनी मला फक्त एवढंच सांगितलं की तू बॉनेट उघडून उभी राहा आणि मी रेस देतो. रेस दिल्यावर खालून फुस्स असा आवाज, टायरमधून हवा जाते ना तसा. टर्बोपासून इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाणारा जो रबरी होज आहे त्याला खालच्या अंगाला, क्लिपच्या अगदी जवळ, बोटभर चीर होती, वरून दिसतच नव्हती, हात फिरवला तेव्हा बोटांना तेलकट काळं लागलं. होज बदलला, गाडी नव्यासारखी. टर्बोला काहीही झालं नव्हतं, २,४०,००० ला तोच आहे.

म्हणून दादा, आधी सगळे होज हाताने चाचपून घ्या. हवा बाहेर जाते आणि डिझेल मात्र मोजल्याप्रमाणे आत येतं, मग जळत नाही आणि काळा धूर होतो, असं काकांनी समजावलं होतं. सगळ्यात स्वस्त गोष्ट आधी बघायची, महाग गोष्ट शेवटी, माझे पैसे उलट क्रमाने गेले.


कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

पाना भाऊ, तुम्ही वहीचं विचारलंत आणि खरंच वही निघाली, डॅशबोर्डच्या खणात नाही, घरी देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये. शंभर पानी वही, पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळचं डिझेल, किलोमीटर, हवा, सगळं. मी रात्री बसून हिशेब केला. १,५२,००० पर्यंत १९ च्या आसपास अ‍ॅव्हरेज आहे, मग १८, मग १७, आणि १,७०,००० नंतर १५. एकदम पडलेलं नाही, हळूहळू उतरत गेलंय.

स्कॅनर लावला. पी ००१६ नाही. ईजीआर फ्लोचा एक कोड आला. होज सगळे चाचपले, ताईंनी सांगितलं तसं रेस देऊन ऐकलं, फुस्स नाही, एका क्लिपपाशी थोडं तेलकट आहे फक्त. ऑइल काढलं तर काळं असणार हे माहीत होतं पण ते बादलीच्या कडेवरून ओघळत नव्हतं, चिकटून राहत होतं. नवीन ५डब्ल्यू४० टाकलं, टोपीची ओ-रिंग बदलून घेतली.

४०० किलोमीटर झालेत. आवाज तीनवरून दीड सेकंदावर आलाय पण गेलेला नाही.

आता इथला एकजण म्हणतो ईजीआरला पत्रा मारून बंद करून टाकू, धूर जाईल, पिकअप येईल, पाचशे रुपयांत काम. करू का?


दहाचा_पाना

नका करू. हे मी गॅरेजवाला असून सांगतोय, पत्रा मारायला मला दहा मिनिटं लागतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

ईजीआर थोडा जळालेला धूर परत आत घेतो म्हणजे आतलं तापमान कमी राहतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. पत्रा मारला की ते वाढतात. आपल्या पीयूसीमध्ये डिझेलचा फक्त धुराचा काळेपणा मोजतात म्हणून कळत नाही, पण श्वासात तर जातंच ना, आपल्याच पोरांच्या.

हळूहळू अ‍ॅव्हरेज उतरलंय म्हणजे होज नाही, मग ईजीआर आणि मॅनिफोल्डच, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणारा पाइप. टॅपेट कव्हरच्या ब्रीदरमधून ऑइलची वाफ येते, ईजीआरमधून काजळी येते, दोन्ही मॅनिफोल्डमध्ये भेटतात आणि ओल्या डांबराचा थर बसत जातो. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो, हवा कमी, धूर जास्त. ईजीआर खोलून कार्बन क्लीनरने धुवायचा, मॅनिफोल्ड काढून आतून खरवडायचा, गॅस्केट नवीन. एअर फ्लो सेन्सरला हात लावायचा नाही, त्याच्या स्प्रेनेच साफ करायचा, कापडाने पुसला की गेला. ऑइल जुनं झालं की वाफही जास्त येते, म्हणजे हा रोगपण तिथूनच आलाय.

मॅनिफोल्ड काढलाच आहे तर नोझलच्या बुडाशी बघून घ्या. तिथं काळा कडक डांबरासारखा थर दिसला तर तांब्याचं वॉशर गळतंय, स्टार्टला चुक चुक चुक असा आवाजही येतो. वॉशर स्वस्त आहे, पण तसंच ठेवलं तर नोझल इतकं घट्ट बसतं की काढताना घाम फुटतो.

आणि आवाज दीड सेकंदावर आला म्हणजे ऑइलचा भाग होता, पण उरलेला चेनचा किंवा जाळीचा आहे. चेन करायची तर चेंबर तसंही खाली येतं, त्याच कामात जाळी बघून होते. १,७८,००० ला अशा इतिहासाच्या गाडीला मी चेन थांबवणार नाही. फक्त चेन नको, चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, स्प्रॉकेट असं पूर्ण किट. आणि ज्याच्याकडे कॅम-क्रँक लॉक करायच्या पिन आहेत त्याच्याकडेच करा. खडूने खूण करून चेन बसवतो म्हणणाऱ्याच्या दारातून परत या.


ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत असते, माझ्याकडे ओपेल कोर्सा १.३ सीडीटीआय आहे, तेच इंजिन. वाचून बरं वाटलं, मूळची मी साताऱ्याचीच.

इकडे चेनचं दुखणं अगदी हेच, आणि इकडच्या गाड्यांना वर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. शहरात छोट्या फेऱ्या झाल्या की डीपीएफमधली काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं, लोकांना वाटतं छान आहे, कमी झालं नाही. प्रत्यक्षात ते पातळ झालेलं असतं आणि चेन, टर्बो दोघांनाही घासतं. तुमच्या भारतातल्या २०१० च्या गाडीला डीपीएफ नाही, त्यामुळे तुम्ही यातून सुटलात. पण कुणी इकडे ही गाडी जुनी घेत असेल तर डिपस्टिक वरच्या खुणेच्या पुढे गेलेली आहे का ते बघा.

मी १०,००० किलोमीटरला बदलते, पुस्तकात याहून कितीतरी जास्त लिहिलंय तरी. २,००,००० ला चेन पहिलीच आहे.


माणदेशी_चाक

कोयनाकाठ दादा, आरसीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. दहा वर्षांच्या डिझेलवर बंदी ती दिल्ली-एनसीआरची, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते आपल्याकडे लागू नाही. महाराष्ट्रात पंधरा वर्षं झाली की फिटनेस तपासून आरसी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, पर्यावरण कर भरावा लागतो. माझ्या २००९ च्या व्हिस्टाची मी केलीय. मुदत संपायच्या आधी अर्ज करा, उशीर झाला तर दंड वाढत जातो. धूर मात्र आधी नीट करा, तपासणीला न्यायच्या आधी.


कोयनाकाठ

उशिरा लिहितोय पण पूर्ण लिहितो, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

मिरजेलाच नेली शेवटी, पाना भाऊंकडे. अण्णांनाही घेऊन गेलो, आदल्या रात्री सगळं सांगितलं त्यांना. ते काही बोलले नाहीत, सकाळी सहाला आंघोळ करून वही काखेत मारून दारात उभे होते.

पहिल्यांदा चेंबर खाली घेतलं. जाळी बघून मी फोटो काढायचाही विसरलो. चाळणीवर करड्या सिलिकॉनच्या वळ्या, शेवया असतात तशा, चिकटून बसलेल्या, निम्म्याहून जास्त जाळी बंद, आणि बुडाला काळा गाळ, बोट घातलं तर बोटाची खूण राहत होती. म्हणजे ती गळती काढल्याची पावती. त्या दिवसापासून इंजिनाला ऑइल उशिरा मिळत होतं आणि आम्ही पिकअप पिकअप करत होतो.

मग चेन. जुनी आणि नवी चेन भाऊंनी एका खिळ्याला शेजारी शेजारी लोंबकळत ठेवली. लांबीत फरक म्हटलं तर दोन-तीन मिलिमीटर, मला आधी दिसलाच नाही. मग त्यांनी दोन्ही आडव्या हातावर धरायला दिल्या. नवी ताठ राहिली, जुनी दोन्ही बाजूंनी खाली वाकली. टेन्शनरचा दट्ट्या जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला होता, पुढे जायला जागाच उरली नव्हती. भाऊ म्हणाले अजून पाच-सहा हजार गेली असती किंवा उद्याच गेली असती, सांगता येत नाही. गाइडवर चेनने दोन खोबणी पाडल्या होत्या. रॉकर सगळे चांगले.

मॅनिफोल्डच्या तोंडातून आत करंगळी जेमतेम जात होती एवढा थर. तो काढायलाच अर्धा दिवस गेला. नोझलपैकी तीन नंबरचं वॉशर गळत होतं, चारही बदलली. हीटर प्लग चार पैकी एक गेलेला होता, तोही टाकला, त्यामुळेच थंडीत सेल्फ जास्त मारावा लागत होता. टर्बोचा दांडा हलवून दाखवला मला, आडवा किंचित हलतो तो चालतो, ऑइलवर तरंगत असतो म्हणाले, आत-बाहेर हलला तर गेला. आपला आत-बाहेर अजिबात नाही.

किट, गॅस्केट, ऑइल, मजुरी सगळं मिळून ३१ हजार गेले. ७०-८० सांगणाऱ्याने यातलं काहीही बघितलं नव्हतं.

पाना भाऊंनी सांगितल्याप्रमाणे पहिलं ऑइल १,००० किलोमीटरला परत काढलं, उरलेला गाळ निघावा म्हणून, त्यातही काळं भरपूर आलं. आता पुढचं ७,५०० ला. घाट चढून आलो की अर्धा मिनिट आयडलिंगवर ठेवूनच बंद करतो. अ‍ॅव्हरेज दोन टाक्यांचं १८.४ आणि १८.७ आलंय. परवा खंबाटकीला तिसऱ्यात २,१०० वर गाडी स्वतःहून चढली, मागे धूर नाही, मी दोनदा आरशात बघितलं.

सकाळी आवाज नाही. अण्णा रोज सकाळी गच्चीवर चहा पीत उभे राहतात मी गाडी काढताना, वरूनच हात करतात की बरोबर आहे म्हणून. वहीत त्यांनी १,७८,६४० समोर लिहिलंय, चेन, टेन्शनर, जाळी साफ, मिरज, आणि खाली लाल पेनाने पुढच्या ऑइलचे किलोमीटर.

माणदेशी भाऊ, आरसीचा अर्ज टाकलाय, तपासणीची तारीख मिळाली की तुम्हाला एक-दोन गोष्टी विचारेन.